यंदा तित्तर गप्प आहेत

१४ मार्च, माउन

हॉलंडच्या दोघी बहिणींचं नक्की झालं. मेच्या सुरुवातीला येतायत. थोरलीने पत्रात स्वच्छ लिहिलंय, "ओत्सिले असेल तरच येऊ." आपलं नाव वाचून छाती फुगली, खोटं कशाला बोला. धाकटीचा गुडघा बदललाय, काठी घेऊन चालते. म्हणजे खाट उंच हवी आणि संडासाचा तंबू जवळ, पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला. बाकी वाट नेहमीचीच. झाकानाकाच्या पाण्याकाठी पहिला मुक्काम, मग ख्वाई नदी, मग सावुटी, आणि शेवटी कसानेला विमानात बसवून द्यायचं. दर मुक्कामाला तंबू ठोकायचे, उखडायचे, पुढे निघायचं, मागे आपली खूण ठेवायची नाही.

माणसं तीनच. मी वाटाड्या. केनोसी स्वयंपाकाला, तो आणि मी एकत्रच म्हातारे झालो. आणि तंबू-सामानाला ओनालेना, माझ्या बहिणीची मुलगी. पोरीने वाटाड्याच्या परवान्याची लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात काढली. आता परवाना देणाऱ्या मंडळाकडे फक्त माझा अहवाल जायचाय, की मी हिला जंगलात फिरवलं आणि ही माणसांना सांभाळून नेईल. तो गेला की परवाना तिचा. बहीण सेगामेत्सी शेजारच्या अंगणातून येता-जाता विचारते, "लिहिलंस का?" मी सांगितलं, पुस्तक पाठ आहे म्हणून सिंह वाट सोडत नाही. आधी पाहणीच्या फेरीत बघतो.

१९ मार्च

ट्रेलरचा आस वाकलाय. पाण्याचं एक पिंप गळतंय. जेवणाच्या तंबूला वाळवी लागली होती, केनोसीने ठिगळ लावलं आणि वर म्हणाला, "हे ठिगळ तंबूपेक्षा जास्त टिकेल, आणि आपल्यापेक्षाही."

ओना फार हळू बोलते. हल्लीच्या पोरींची ही तऱ्हाच झालीय, सगळं तोंडातल्या तोंडात. त्यांचं बघून सेगामेत्सीही तशीच बोलायला लागलीय. केनोसीचं कसं, ढोल वाजल्यासारखं; एकदा सांगितलं की कळतं. आज जेवताना मी ओनाला म्हणालो, "पाहुण्यांपुढे अशी पुटपुटलीस तर त्यांना वाटेल, ही चेटूक करतेय." केनोसी हसला. ओनाने माझ्या ताटात आणखी मोरोगोची भाजी वाढली.

२३ मार्च

पहाटे नदीवर गेलो. तित्तर बोलले नाहीत. बरेच दिवस मनात होतं, आज खात्री झाली. थामालाकानेच्या काठी पहाट म्हणजे तित्तरांचं भांडण; माझ्या बापाचं तेच घड्याळ होतं. रातकिडेही गेलेत. लव्हाळ्यात ते बोटाच्या पेराएवढे बेडूक संध्याकाळी टिणटिणायचे, तेही नाहीत. पाणघोडा मात्र ओरडतो. परवा पलीकडे सिंहाने डरकाळी दिली, अगदी स्वच्छ ऐकली. म्हणजे मोठं जनावर तेवढं राहिलं आणि बारीकसारीक सगळं मेलं.

कारण मला ठाऊक आहे. त्सेत्से माशी मारायला विमानं औषध फवारून गेली तेव्हा सांगत होते, माशीशिवाय कोणाला धक्का लागणार नाही. आधी किडे गेले, मग किडे खाणारे. फार वाईट वाटतंय. ज्या जंगलाच्या जिवावर जगलो, त्याचा असा गळा दाबावा कोणी! वन्यजीव कचेरीला कडक पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं.

केनोसीला सांगितलं. तो कांदा कापत होता, थांबला.

"पत्र दिलंससुद्धा?"

"दिलं."

"मला विचारायचंस तरी."

"तुला काय विचारायचं? तुला येतात का तित्तर ऐकू?"

तो कांद्याकडे बघत म्हणाला, "मी स्वयंपाकी. मला फक्त उकळतं ते ऐकू येतं."

३ एप्रिल, ख्वाईच्या काठी

तिघंही पाहणीला आलोय. झाकानाकाचा जुना मुक्काम पाण्याखाली आहे, पण वरच्या अंगाला मोठ्या रानअंजिराखाली कोरडी जागा आहे, ती धरली. पुढे सावुटीच्या वाटेवर मबाबेच्या काळ्या मातीत गाडी पोटापर्यंत रुतेल असं समोरून आलेल्या एकाने सांगितलं. मेपर्यंत वाळेल. नाही वाळली तर वरून फिरून जायचं, एक अख्खा दिवस वाढेल, आणि धाकट्या बाईचा गुडघा काय म्हणेल देव जाणे.

केनोसीची जीभ वयाबरोबर सुटत चाललीय. सकाळी शेकोटीपाशी चहाचा कप हातात देतानाच सुरू होतो. तरस येऊन भांडी चाटून गेला, नदीपलीकडे बिबट्या खोकत होता, पहाटेकडे अंजिरावर घुबड होतं. अरे, हे सांगणं वाटाड्याचं काम! पाहुणे डोळे चोळत शेकोटीशी येतात आणि रात्री कोण कोण येऊन गेलं ते मी सांगतो, तेव्हा त्यांचा आ वासतो. माझी निम्मी कीर्ती त्यावर उभी आहे. मी म्हणालो, "तू स्वयंपाकी आहेस का वर्तमानपत्र?"

"म्हातारपणी झोप लागत नाही रे," तो म्हणाला. "ऐकत पडतो. तुला सांगितलं की मोकळं वाटतं."

ओना चालताना सारखी माझ्या पुढे पुढे करते. दोनदा मागे बोलावलं. वाटाड्याच्या पुढे जायचं नसतं, हे बहुतेक तिच्या पुस्तकात नसावं.

६ एप्रिल

आज पेन कागदात रुततंय. रागाने.

नदीकाठच्या झुडपापलीकडे एक सपाट जागा मला आठवत होती. धाकट्या बाईला गाडीतून उतरून थेट खुर्चीत बसता येईल अशी. पायी निघालो. मी पुढे, मुद्दाम, ओना मागे. झुडपाच्या तोंडाशी पोचलो आणि तिने माझी बाही धरून मला मागे खेचलं. मामाला! मी बुडावर आपटलो. ओरडणार तोच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. "काय?" म्हटलं. पुन्हा पुटपुटली. शेवटी तिने डोक्यावर हातांची शिंगं करून दाखवली. पावलं मोजून टाकत गाडीपर्यंत मागे आलो.

तिथे केनोसीसमोर ती मोठ्याने म्हणाली, "झुडपात रेडा होता, मामा. त्याच्या पाठीवरचे पक्षी ओरडले."

रानरेड्याच्या अंगावरच्या गोचिडी खाणारे लाल चोचीचे पक्षी माणूस दिसला की किरकिरतात, आणि ती किरकिर ऐकली की आहे तिथून मागे फिरायचं, हे हिला मीच शिकवलंय. ते ओरडले असते तर आधी मला ऐकू आले असते. मी तिच्या पुढे होतो.

दुपारी गाडीने जाऊन बघितलं. एकटा म्हातारा रेडा बसल्याची जागा होती, शेण ताजं. असेल. ख्वाईच्या झुडपांत दगड मारत सुटलात तर कधीतरी रेडा निघतोच. पोरीने अंदाज ठोकला आणि लागला. पण जो वाटाड्या नसलेले आवाज ऐकतो, तो एक दिवस पाहुण्यांच्या मधोमध बंदूक उडवतो. मी असे दोघे पाहिलेत.

जेवण करताना केनोसी म्हणाला, "ओत्सिले, पोरीने आज तुझा…"

"पाव जळतोय," मी म्हटलं. "तो बघ."

१० एप्रिल, माउन

अहवाल पाठवला. अभ्यास चांगला, कामाला वाघ, पण घाबरट. नसलेले आवाज ऐकते. माणसं हिच्या हाती देऊ नयेत असं माझं मत. पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय. पण जंगलात मायेने भागत नाही.

सेगामेत्सी अंगणात येऊन भांडली. बोलणं कमी आणि हातवारेच जास्त. ओना तिच्यामागे उभी होती, तिने आईचा दंड धरून तिला घरी नेलं. मला एक शब्द बोलली नाही. आमच्यात मामाच्या शब्दापुढे भाची आपला शब्द ठेवत नाही. उद्या तिचं लग्न ठरलं तरी पहिलं बोलणं माझ्याशी होईल आणि एक बैल माझ्या गोठ्यात बांधला जाईल. तिने रीत पाळली याचं बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं नाही.

१५ एप्रिल

उंच खाटा आल्या. केनोसी माझ्याशी बोलत नाही, कामापुरतं हूं. त्याचं वर्तमानपत्र बंद. घर, नदी, अंगण, सगळं गप्प. पाहुण्यांना मी काय दाखवणार आहे, मुकं जंगल?

२० एप्रिल

वन्यजीव कचेरीतून मोआलोसी नावाचा अधिकारी आला. तरुण, जाड आवाजाचा, भला माणूस. म्हणाला, पत्र वाचून सगळे काळजीत पडले, म्हणून मला पाठवलं. पहाटे त्याला नदीवर नेलं. काठावरच्या उंच वारुळाजवळ आम्ही उकिडवे बसलो.

"बघ," मी म्हणालो. "मसणवटा झालाय."

तो मान कलती करून बसला. थोड्या वेळाने त्याने अंगठा मिटला. मग एक बोट. मग दुसरं. एका हाताची बोटं संपली, तो दुसऱ्या हातावर आला.

"काय मोजतोयस?"

"तित्तर, रा," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं तो अदबीने म्हणाला.

"कुठेत?"

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा परीक्षा घेतोय. "पाण्यापलीकडे तीन. लव्हाळ्यात जोडी. बाकीचे मागे शेताकडे. आणि हा तर आपल्या डोक्यावरच बसलाय की!"

मी वर बघितलं. वारुळाच्या टोकावर तित्तर होता, हात उंचावला असता तर लागला असता. मान ताठ, चोच उघडी. गळ्याचं लाल कातडं फुगत होतं, बसत होतं, परत फुगत होतं. सगळं अंग हलवून तो ओरडत होता. आवाज नव्हता.

मी बघतच राहिलो. मोआलोसी माझ्याकडे बघत होता, त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने टोपी काढून हातात धरली, कोणाच्या घरी कोणी वारलं की धरतात तशी. मग तो मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "चला रा, घरी सोडतो." मी म्हटलं, मला वाट माहीत आहे.

२१ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही.

२२ एप्रिल

काल खोटं लिहिलं.

आज केनोसीकडे गेलो. तो दारात बसून मासे साफ करत होता. मी विचारलं, "कधीपासून?"

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. "मला गेल्या हिवाळ्यात कळलं. ओनाला त्याच्या आधी."

"आणि दोघांनी मिळून मला खेळवलंत."

"सांभाळलं म्हण. तिनेच ठरवलं सगळं. मी सकाळी तुला रात्रीचं ऐकवायचं, चालताना तिने पुढे राहायचं. म्हणाली, ज्याने मला ऐकायला शिकवलं त्या मामाला कोणत्या तोंडाने सांगू की तुम्हाला ऐकू येत नाही?"

"तिला रीत आडवी आली. तू होतास की सांगायला!"

"होतो," केनोसी म्हणाला. मासा खाली ठेवला. "भ्यालो. तुला वाटाड्या म्हणून काढलं तर माझ्या हातचं कोण खाणार, हे डोक्यात आलं. आणि तू रेड्याचं ऐकून घेतलं नाहीस, तेव्हा मला राग आला. मग बोललोच नाही. ती चूक माझी."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. मला माझ्या कानांचं रडू आलं नाही. त्या झुडपाच्या तोंडाशी मी दोन पावलं पुढे गेलो असतो तर आज केनोसी माझ्या मयताला आलेल्या लोकांसाठी बैलाचं मांस कुटत बसला असता. माझा जीव पोरीने बाहीला धरून ठेवला, आणि मी तिला खोटी ठरवून कागदावर सही केली.

२५ एप्रिल

मंडळाच्या कचेरीत गेलो. खिडकीमागे बारीक आवाजाची बाई. ती बोलते, मी "आं?" म्हणतो, ती परत बोलते. मागच्या रांगेतल्या लोकांचे खांदे हलायला लागले. आता मला हसणं असं डोळ्यांनीच कळतं. शेवटी अध्यक्षांनी मला आत घेतलं. जुने आहेत, आवाज खर्जातला.

मी सांगितलं, "मुलीला नसलेले आवाज ऐकू येतात असं मी लिहिलं. ते आवाज होते. मला ऐकू येत नाही."

त्यांनी बैठकीची वही उघडली. "रा ओत्सिले, बैठक झाली. तिचं नाव वगळलं गेलं. आता पुढच्या वर्षी. तोवर दुसऱ्या वाटाड्याच्या हाताखाली एक हंगाम काढू दे, त्याचा अहवाल घेऊन ये म्हणावं."

"माझ्या चुकीची शिक्षा तिला?"

"अहवाल तुमचा होता. तुमच्या शब्दाला इथे वजन आहे, म्हणून तर लगेच मानला." मग त्यांनी हात पुढे केला. "आणि हे तुम्ही मला सांगितलंत, तेव्हा तुमचा परवाना मला ठेवून घ्यावा लागेल."

दिला. त्यावरचा माझा फोटो तरुण होता.

२९ एप्रिल

हॉलंडच्या बहिणींना कळवलं. थोरलीचं उत्तर आलं: तिकिटं काढलीत, येऊ, पण मन लागणार नाही. फेरी फेन्योकडे गेली. तो माझ्याच हाताखाली शिकला. वाईट वाटाड्या नाही, फाजील आहे. माझी वाट, माझे मुक्काम, उंच खाटा, केनोसी, सगळं त्याच्या हवाली केलं. मबाबेची काळी माती, धाकटीचा गुडघा, सगळं समजावलं. तो घड्याळ बघत होता.

ओनाही जातेय, तंबू ठोकायला. तिला हंगाम काढायचाच आहे, आणि आता दुसरं कोण घेणार? तिला बघून फेन्यो म्हणाला, "ही का ती, भुतं ऐकणारी?" माउन लहान गाव. माझा शब्द सगळीकडे माझ्याआधी पोचलेला असतो. मी म्हणालो, "ते मी चुकीचं लिहिलं होतं." फेन्यो माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "असू दे रा. तुम्ही आता आराम करा." ओना खाली मान घालून तंबूची घडी घालत राहिली.

तिची माफी मागायचीय. मामाने भाचीची माफी कशी मागायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझी दुर्बीण तिला दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली, काहीतरी बोलली. मी परत विचारलं नाही.

४ मे

सकाळी गाडी निघाली. दोघी बहिणी मला मिठी मारून रडल्या. केनोसी ट्रेलरच्या दोऱ्या ओढून बघत होता, माझ्याकडे बघेना. ओना मागच्या बाकावर सामानाच्या शेजारी. इंजिन चालू झालं तशी ती खिडकीतून वाकून मला काही म्हणाली. रडत नव्हती, हसत नव्हती. निरोप घेतेय असं वाटलं. मी मान हलवली, हो हो, जोरात, वर हातही केला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग काच वर केली.

धूळ बसल्यावर सेगामेत्सी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता ती समोर येऊनच बोलते, सावकाश, ओठ दिसतील असं.

"हो कशाला म्हणालास?"

"निरोप घेत होती ना?"

"विचारत होती. मामा, ही फेरी झाली की हे काम सोडून देऊ का? तुम्ही म्हणाल तसं."

गाडीच्या मागे धावावं असं वाटलं, आणि थोडा धावलोही. लोक बघत होते.

दिवस मावळताना पहिल्या मुक्कामावरून रेडिओवर खुशाली येते. त्यानंतर नाही, पुढे आमचा रेडिओ पोचत नाही, एकदम कसानेहूनच फोन. इतकी वर्षं तिकडून मी बोलायचो आणि इकडे सेगामेत्सी ऐकायची. आज मीच आधी जाऊन यंत्रापाशी बसलो. दिवा लागला तसं बोलायला लागलो. "ओना, सोडू नकोस. मी हो म्हणालो ते न ऐकता म्हणालो. मला ऐकू आलं नव्हतं. तुझ्याइतके कान या माउनमध्ये कोणाला नाहीत. सोडू नकोस." कान यंत्राला लावला. नुसती खरखर. परत तेच बोललो. परत कान लावला. मी बोलतच राहिलो असतो, सेगामेत्सीने माझ्या हातातून ते काढून घेतलं.

ती बराच वेळ ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मामाचा सकाळी एक शब्द आणि संध्याकाळी एक. मी कुठला धरू?"

"आत्ताचा. सांग तिला, आत्ताचा धर."

सेगामेत्सीने कळ दाबली. बोलली, थांबली, परत बोलली. मग पलीकडे कोणी नाही अशी मान हलवून तिने यंत्र खाली ठेवलं. बॅटरी जपायला फेन्यो रेडिओ लवकर बंद करतो. ते मीच त्याला शिकवलंय.